मोठ्या आजीची आलेग्रिया

वृद्ध माणसाची भूक मंदावली की घरातील सर्वांचे लक्ष त्याच्या ताटाकडे लागते. काय वाढावे, किती वाढावे, मऊ असावे की पातळ, याचीच चर्चा चालते. त्याच्या हातांना काही काम उरले आहे का, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या घरी तो प्रश्न नातीच्या शाळेमुळे पुढे आला.

सासूबाई ८६ वर्षांच्या आहेत. माहेर ब्रह्मपुरी तालुक्यातले, सासर चंद्रपूरचे. खुब्याचे हाड मोडल्यावर शस्त्रक्रिया झाली आणि काठीच्या आधाराने त्या चालू लागल्या. परंतु जेवण पूर्वपदावर आले नाही. डॉक्टरांनी दात, औषधे, बद्धकोष्ठता, मनाची उदासी अशी सारी कारणे तपासली. तरी वजन उतरतच होते. ताटावर बसवले की दोन घास घेत आणि म्हणत, "बसल्या जागी किती खाऊ मी? काम त काहीच नाही."

त्याच सुमारास नातीच्या वर्गात देशोदेशींच्या पदार्थांचा दिवस ठरला. तिच्या गटाच्या वाट्याला स्पॅनिश भाषा बोलणारे देश आले. पदार्थ शाकाहारी हवा, अंडे नको, शेंगदाणे नकोत, कारण एका मुलाला ते सोसत नाहीत. वर्गात गरम करण्याची सोय नाही आणि मुले छत्तीस. स्पेनचा सुप्रसिद्ध बटाट्याचा 'तोर्तिया' अंड्यांमुळे बाद झाला. कोस्टा रिका व निकाराग्वा येथील 'गाय्यो पिंतो' हा घेवड्याचे दाणे घातलेला भात. त्याच्या नावाचा अर्थ ठिपक्यांचा कोंबडा. कोंबडा मात्र त्यात नसतो! डाळ-भातासारखीच त्यात धान्य आणि कडधान्य यांची प्रथिने एकमेकांस पूरक ठरतात. पण तो गरमच चांगला लागतो. शेवटी दोन पदार्थ उरले: 'आर्रोस कोन लेचे' आणि 'आलेग्रिया'.

पहिल्याचे वर्णन नातीने वाचून दाखवताच सासूबाई हसल्या. "हे त आपली खीरच होय!" खरोखरच ती तांदळाची खीर आहे. स्पेनमध्ये भातशेती अरबांनी नेली, आणि दूध-साखरेत शिजवलेला हा भात तेथून अमेरिकेत गेला. वेलदोड्याऐवजी त्यात दालचिनी आणि लिंबाची साल घालतात. आम्ही एक लिटर दुधाला शंभर ग्रॅम तांदूळ घेतले, तेही एचएमटी. हे वाण नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतातील वेगळ्या लोंब्या निवडून, जपून सिद्ध केले. त्याला नाव मात्र त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे मिळाले. तांदूळ आधी थोड्या पाण्यात शिजवून घ्यावा, मग दूध थोडे थोडे घालीत मंद आचेवर पाऊण तास ढवळावे. लिंबाची केवळ वरची पातळ साल घ्यावी. आतील पांढरा भाग कडू लागतो आणि रस पडला तर दूध फाटते. साखर अगदी शेवटी घालावी, नाहीतर तांदूळ नीट मऊ होत नाही. मधुमेह असल्यास साखर व भात यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. दूध-भाताचा पदार्थ उन्हाळी हवेत एका तासाहून अधिक बाहेर ठेवू नये, म्हणून खीर घरासाठी राहिली आणि वर्गासाठी आलेग्रिया ठरली.

आलेग्रिया म्हणजे आनंद. मेक्सिकोतील या मिठाईला हेच नाव आहे, आणि ती म्हणजे राजगिऱ्याची वडी! राजगिरा मूळचा अमेरिका खंडातील. अ‍ॅझटेक लोक सणासुदीला त्याचे पीठ गोडात मळून देवतांच्या मूर्ती घडवीत आणि त्यांचे तुकडे वाटून खात. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी त्यांची राजधानी जिंकल्यावर या पूजेला विरोध झाला आणि राजगिऱ्याची लागवडही आटली. तरीही ती पुरती संपली नाही; मेक्सिको शहराच्या दक्षिणेकडील तुल्येवाल्को हे गाव आजही आलेग्रियासाठी प्रसिद्ध आहे. जे धान्य तेथे देवाचे होते, ते आपल्याकडे उपवासाचे झाले.

नातीने हे सांगितले तेव्हा सासूबाईंनी एकच विचारले, "दाने घरी फोडाल की विकत आनाल?" मग त्यांची खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी आली. कढई कडक तापल्यावर एका वेळी एकच चमचा राजगिरा टाकायचा आणि फडक्याच्या बोळ्याने फिरवायचा, हे त्या बसून सांगत होत्या. शेंगदाण्यांच्या जागी मेक्सिकोत भोपळ्याच्या बियाही घालतात. आमच्याकडे लाल भोपळ्याला कोहळे म्हणतात; त्याच्या वाळवलेल्या बिया डब्यात होत्याच. त्या सोलण्याचे काम त्यांनी मागून घेतले. दोन दुपारी बोटे चालत होती, आणि अधूनमधून एखादी बी तोंडात जात होती.

चार वाट्या लाह्यांना एक वाटी गूळ आणि चमचाभर तूप पुरते. पाकाचा थेंब पाण्यात टाकताच मऊ गोळी झाली की गॅस बंद करावा; म्हणजे वडी चिक्कीइतकी कडक होत नाही. शंभर ग्रॅम राजगिऱ्यात १३ ते १४ ग्रॅम प्रथिने असतात, शिवाय कॅल्शियम व लोहही. मात्र कोरड्या लाह्या कवळीखाली अडकतात आणि घशाला चिकटतात. वृद्धांना त्या कोमट दुधात भिजवून द्याव्यात. गिळताना ठसका लागत असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

बिया सोलताना नातीने आणखी एक गोष्ट वाचली. स्पेनच्या ला मांचा भागात 'गाचास' नावाचे पिठले होते, लाखोळीच्या पिठाचे. सासूबाई चमकल्या. धानाच्या उभ्या पिकात, जमिनीत ओल असतानाच लाखोळी फेकून पेरण्याची आमच्या भागातील रीत त्यांनी सविस्तर सांगितली. लाखोळी दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ली की पाय लुळे पडण्याचा धोका असतो. म्हणूनच भारताने १९६१ मध्ये आणि स्पेनने १९६७ मध्ये तिच्यावर निर्बंध घातले. पुढे स्पेनमध्ये ते शिथिल झाले. वर्गाच्या डब्यात तिला स्थान नव्हते. पण सासूबाई त्या दुपारी तासभर बोलत राहिल्या. इतके त्या कित्येक महिन्यांत बोलल्या नव्हत्या.

छत्तीस वड्या वर्गात गेल्या आणि डबा रिकामा परतला. "किती पोरांनं खाल्ली?" हे त्यांनी तीनदा विचारले आणि रात्री वाटीभर खीर न सांगता संपवली. पुढील दोन महिन्यांत वजन उतरणे थांबले. त्याचे श्रेय एकट्या वड्यांना देणार नाही, कारण दरम्यान एक औषधही बदलले होते. परंतु दुसऱ्यासाठी काही केल्यानंतर त्यांना चार घास अधिक जातात, हे मी रोज पाहते.

आपल्या घरी असे माणूस असेल, तर बसून करता येईल, सुरी वा विस्तव लागणार नाही आणि थकवा येताच थांबवता येईल, असे स्वयंपाकाचे एखादे काम त्यांना द्या. वजन सतत उतरत असल्यास डॉक्टरांना अवश्य दाखवा. काम हा उपचाराचा पर्याय नव्हे. सध्या पोपटाच्या शेंगा निघाल्या आहेत. रोज सकाळी ताटलीभर शेंगा मी सासूबाईंसमोर ठेवते, आणि भाजीला मीठ किती घालावे हेही त्यांनाच विचारते.