एका रंगाइतका सूर्य

सूर्याला आपण त्याच्या उन्हावरून ओळखतो. तुळशीवृंदावनावरून सरकत भिंतीवर चढणारा उजेडाचा चौकोन, खाटेवर कडक होत गेलेल्या कुरडया, अर्घ्याच्या धारेतून क्षणभर फुटलेले रंग, भर दुपारी पायांखाली गोळा होणारी सावली, आणि संध्याकाळी सगळ्या ओळखीच्या चेहऱ्यांवर येणारं ते सोनेरी, जरासं उदास तेज: हे सगळं त्याचंच. तो स्वतः मात्र आपल्या नजरेबाहेर राहतो. वर पाहिलं की डोळे आपोआप मिटतात.

म्हणून सौरदुर्बिणीची सुरुवात मला इतकी आवडते. सूर्य शोधायचा तर वर बघायचंच नसतं, खाली बघायचं असतं. नळी हलवत जायची आणि जमिनीवरची तिची लांबट सावली आखडत आखडत शक्य तेवढी लहान झाली, की समजायचं, आता ती त्याच्या समोर आहे. मग डोक्यावरून काळं कापड ओढून घ्यायचं, आजूबाजूचा उजेड बाहेर ठेवायचा, आणि डोळा काचेला लावून थांबायचं. आधी दिसते ती नुसती तांबडी, सपाट, मुकी चकती. घाई असणारा माणूस इथेच उठून जातो. पण नळीवरची कडी बोटांनी हळूहळू फिरवत राहिलं, अगदी केसाएवढी, की एका जागी त्या चकतीला पोत येतो, घोंगडीवरून उलटा हात फिरवावा आणि लव उभी राहावी तसा. आणि कडेपलीकडच्या काळोखात, जिथे काहीच नव्हतं तिथे, एक ज्वाला उभी असते.

न हलणारी. निदान तसं वाटतं.

माझी दुर्बीण लहान आहे, 40 मिलिमीटर भिंगाची. रात्रीच्या आकाशासाठी हे भिंग अपुरं वाटेल, कारण तिथे प्रकाशाचा कण कण गोळा करावा लागतो. दिवसा सगळं उलटं. इथे प्रकाश इतका आहे की दुर्बिणीचं जवळजवळ सगळं काम तो नाकारण्याचं आहे. आत एकमेकांसमोर ठेवलेल्या दोन अतिशय सपाट काचा असतात. फॅब्री आणि पेरो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही रचना शोधली. त्या काचांमध्ये प्रकाश पुन्हा पुन्हा आपटतो, आणि ज्या लहरींचं पाऊल पावलावर पडतं तेवढ्याच पलीकडे जातात. त्यांच्या जोडीच्या गाळण्या उरलंसुरलं अडवतात. सगळ्या इंद्रधनुष्यातून शेवटी उरते लाल रंगाची एक चीर, 656.3 नॅनोमीटरवरची, एका नॅनोमीटरच्या दहाव्या भागाहूनही अरुंद. हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर उतरतो तेव्हा तो अणू याच रंगात बोलतो. बाकीचा सगळा झगमगाट गप्प केला, तरच हे ऐकू येतं.

कितीतरी वेळा त्या कापडाखाली बसून मी याच गोष्टीपाशी घुटमळते. जे अती आहे ते आपल्याला दिसतच नाही. आईचं घरभर असणं घर सोडल्यावरच कळलं. आणि इतकं भरभरून मिळालेलं हे ऊन, त्याचा बहुतेक सगळा वाटा परत केल्यावर, त्याच्या उगमाचा चेहरा दाखवतं. साध्या दुर्बिणीतून हा चेहरा पाहायला जाणं म्हणजे क्षणात डोळा गमावणं. समोरच्या भिंगावर घट्ट बसलेली, कुठे टोचलेली नाही ना हे दर वेळी तपासलेली खास गाळणी लावली, तर त्या दुर्बिणीतून सौरडाग दिसतात, दीप्तिगोल, म्हणजे सूर्याचा झगझगीत पृष्ठभाग, दिसतो. त्याच्यावरचा पातळ वर्णगोल मात्र या लाल चिरेतून उघडतो.

एके काळी तो केवळ ग्रहणात उघडायचा. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावरून आत आली आणि दख्खन ओलांडून गेली. विजयदुर्गाच्या किल्ल्यात अजून त्या ग्रहणाच्या वेळचे म्हणून 'साहेबाचे कट्टे' दाखवतात. पटवर्धनांच्या जमखंडीला लेफ्टनंट हर्शेल वर्णपटदर्शक रोखून होते, तर गुंटूरला फ्रान्सहून आलेले जान्सेन. भर पावसाळ्यातला दिवस, ढगांची धास्ती, महिनोन्‌महिन्यांचा प्रवास, आणि हाती आली असतील ती पाच-सहा मिनिटं! त्या मिनिटांत जान्सेन यांना ज्वालांच्या प्रकाशरेषा इतक्या ठळक दिसल्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसल्या पाहिजेत, असं त्यांच्या मनात आलं. दुसऱ्याच दिवशी, लख्ख सूर्यावर, त्या दिसल्याही. ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये लॉक्यर यांनीही स्वतंत्रपणे तेच केलं. पुढे पुण्यात वेधशाळा उभारणारे कावसजी नायगमवाला 1898 च्या जानेवारीत असंच एक ग्रहण गाठायला सोलापूरकडच्या जेऊरला गेले. आज पुण्याच्याच 'आयुका' या खगोलसंस्थेत घडलेली सूर्यदुर्बीण 'आदित्य-एल1' यानावरून अखंड त्याच्याकडे पाहते आहे. आणि मी गच्चीवर, चहा निवत ठेवून, हवं तेव्हा ती ज्वाला पाहते. एवढ्या श्रीमंतीची सवय होऊ नये असं वाटतं.

सकाळची वेळ खरी. स्लॅब तापायच्या आत. एकदा का सिमेंट धगधगू लागलं की हवा उकळते आणि सूर्याची कड पाण्यातल्यासारखी थरथरते. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावात आहे ती उगीच नाही, पाण्यावरची हवा शांत राहते. पण सकाळच्या त्या निवांत तासात, विशेषतः पाऊस सरल्यावरच्या धुतलेल्या आकाशात, कडेवरची एक कमान नुसती पाहत बसावं. सूर्यबिंबाच्या रुंदीत 109 पृथ्व्या ओळीने मावतात. त्या मानाने कमानीखालून आपली सगळी जमीन, सगळे समुद्र सहज निघून जातील. बघताना ती स्थिरच असते. जरा डोळा काढावा, मान मोकळी करावी, कुंडीला पाणी घालावं, पुन्हा यावं, तर कमानीचा एक पाय सुटलेला असतो. हालचाल दिसत नाही, झालेला बदल दिसतो. मोठं होणारं मूल असंच फसवतं.

परवा पूर्वेच्या कडेवर अशीच एक ज्वाला होती. आज पाहिलं तर ती कड ओलांडत होती: बाहेरचा भाग तांबूस उजळ, आतला काळा, नागमोडी, बिंबावर ओढलेल्या रेघेसारखा. मध्ये कुठेही तुटलेली नाही, एकच. मागे काळं आकाश असलं तर तोच वायू उजळतो, मागे धगधगतं बिंब आलं की तोच काळा दिसतो. पुस्तकात हे वाचलेलं होतं. पण एकाच धाग्याचं उजळातून काळ्यात जाणं डोळ्यांनी, त्या एका कडेवर, पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला, आणि ते कुणाला तरी दाखवल्याशिवाय राहवेना.

शेजारच्या काकू वाळत घातलेले कपडे काढत होत्या. "काकू, इकडे या ना. हा डोळा मिटा, आणि घाई करू नका."

त्या वाकल्या. बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग कापडाखालून आवाज आला, "कडेवर काहीतरी पेटलंय गं."

"आणि आत?"

"आत काळा दोरा. तो त्यालाच जोडलाय?"

"तोच आहे तो. सूर्य फिरतोय ना, त्याच्याबरोबर तोही आत येतोय."

"मग पलीकडच्या कडेला कधी पोचेल?"

"दोन आठवडे लागतील. टिकला तर. कधी कधी मध्येच उधळून जातो."

काकूंनी डोळा काढला नाही. "टिकला तर मला हाक मार," त्या म्हणाल्या, "आणि उधळला तरी मार."