नळ्यांचं वजन

जुनी दुनळी हातात आली की मी ती लगेच खांद्याला लावत नाही. रिकामी असल्याची खात्री करतो, पुढचं लाकूड काढतो, नळ्या फ्रेमपासून सोडवतो, खालच्या खुंटात बोट अडकवून त्या लोंबत्या धरतो आणि टिचकी मारतो. आई मडकं घेताना मारायची तशी. दोन नळ्या आणि त्यांच्यामधल्या पट्ट्या डाख देऊन जोडलेल्या असतात. डाख शाबूत असेल तर घंटेसारखा नाद लांबत जातो, कुठे सुटला असेल तर आवाज बद्द येतो.

न्यूयॉर्क राज्याच्या ज्या भागात मी राहतो, तो या बंदुकांचा मुलूखच आहे. इथाका गावाची इथाका. सिरॅक्यूजच्या डॅन लेफीव्हरची लेफीव्हर. त्याच शहरातला एल. सी. स्मिथ १८९०च्या सुमारास बंदुकांचा धंदा हंटर बंधूंना देऊन टाइपरायटरकडे वळला. पुढची कित्येक दशकं जवळच्या फुल्टनमध्ये बनणाऱ्या दुनळ्यांवर मात्र नाव त्याचंच राहिलं. पण माझा जीव गुंतला तो शेजारच्या कनेक्टिकटमधल्या मेरिडनच्या पार्करमध्ये. कॉफी दळायची यंत्रं बनवणाऱ्या चार्ल्स पार्करच्या कारखान्यानं यादवी युद्धात सैन्यासाठी बंदुका केल्या आणि युद्ध संपल्यावर दुनळीला हात घातला. १९३४ साली रेमिंग्टननं हा व्यवसाय विकत घेतला. तोवर आणि नंतरच्या थोड्या वर्षांत मिळून सुमारे २,४२,००० पार्कर बनल्या.

पार्करवर जीव जडण्याचं कारण तिची नक्षी नाही. ही बंदूक आपली माहिती अंगावर बाळगते. नळ्या उतरवल्या की फ्रेमच्या सपाट भागावर क्रमांक आणि दर्जाचा आकडा दिसतो. साध्या व्ही दर्जाला शून्य, जी दर्जाला दोन, डी दर्जाला तीन. व्ही दर्जाच्या नळ्या व्हल्कन स्टीलच्या. म्हणून कुणी साध्या बंदुकीवर मागाहून भरघोस नक्षी कोरून ती डी म्हणून पुढे केली, तरी नळीवरची व्हल्कन ही अक्षरं आणि खालचं शून्य खरं ते सांगतात. नळ्यांच्या सपाट बुडावर त्यांचं वजनही ठोकलेलं असतं, पौंड आणि औंसांत. ते शेवटची घासणी होण्याआधीचं, त्यामुळे तयार नळ्या काही औंसांनी हलक्या भरणारच. किती हलक्या, तिथे खरी पारख आहे.

तीन वर्षांपूर्वी एका शेतघराच्या सामानाच्या विक्रीत मला सोळा बोअरची व्ही दर्जाची पार्कर मिळाली. सोळा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या सोळा सारख्या गोळ्या केल्या तर एका गोळीचा जो व्यास, तेवढी नळी. हलकी, सडपातळ, हातात घेताच आवडली. नाद स्वच्छ होता. फ्रेमवरचे रंग गेले होते. हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात तापवून पाण्यात बुडवलेल्या पोलादावर निळे-जांभळे-पिवळट ढग उमटतात. ते हाताच्या घामानं आणि उन्हानं विरत जातात आणि खाली रुपेरी करडा रंग उरतो. तो मला रंगांइतकाच प्रिय आहे. माझी पहिली दुनळी मीच हौसेनं एका कारागिराकडे नवी करायला दिली होती. ती चकचकीत होऊन आली, पण नक्षीच्या धारा पॉलिशच्या चाकाखाली गेल्या होत्या. ते दुःख अजून गेलेलं नाही. त्यानंतर तेलाच्या फडक्यापलीकडे मी कुठल्याच बंदुकीला काही लावलं नाही.

या सोळाच्या बुडावर ठोका होता ३ पौंड ४ औंस. स्वयंपाकघरातल्या काट्यावर नळ्या भरल्या २ पौंड १४ औंस. सहा औंस कमी! आतून कुणी घासून भिंत पातळ केली असेल, या शंकेनं मी आधी जाडी मोजली. ती ठीक होती. मग तोंडाकडे भिंग नेलं. न कापलेल्या नळ्या तोंडाशी एकमेकींना भिडलेल्या असतात. इथे मध्ये बारीक फट होती आणि ती डाखानं भरलेली होती. आत मापक घातला, तर तोंडाशीही व्यास आतल्याइतकाच, ०.६६ इंच. छर्रे एकवटणारा चोक कापलेल्या तुकड्याबरोबर गेला होता.

कारखान्याच्या जुन्या वह्यांतली नोंद काढून देणाऱ्या संग्राहकांच्या संघटनेला मी क्रमांक कळवला. काही आठवड्यांनी पत्र आलं. १९११, सोळा बोअर, २८ इंच, पेनसिल्व्हेनियातल्या एका हार्डवेअरच्या दुकानाला रवाना. माझ्या नळ्या २६ इंचांच्या.

संग्राहकाच्या हिशेबानं बंदूक निम्म्यानं उतरली. मला ते पटत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत ग्राउज नावाचा पक्षी दाट झुडपांतून अचानक भर्रकन उडतो. तिथे लांब नळी फांद्यांत अडकते आणि जवळच्या नेमाला चोक नकोच असतो. ज्यानं करवत चालवली, त्यानं तोंड काटकोनात घासलं, पुढचा पितळी मणी नव्या जागी नीट बसवला. कुणाला फसवायला केलेलं ते काम नव्हतं.

पत्राच्या पाठीमागे मी पेन्सिलीनं आजची लांबी, आजचं वजन आणि भरलेल्या फटीची नोंद केली, आणि ते पत्र बंदुकीच्या पेटीत, अस्तराखाली ठेवून दिलं.