सावलीतला तेरडा

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढू लागले की भाद्रपदात रस्त्याच्या कडेला तेरडा भेटतो. पुढे सुमारे १२०० मीटर उंचीवरील कासच्या उघड्या पठारावर तर त्याचे गुलाबी गालिचेच पसरतात. आईने मात्र गाडी थांबवायला सांगितली ती घाटातच. झाडांच्या दाट सावलीत, ओलसर दरडीवर तेरडा फुलला होता. "ऊन नाही, तरी फुललाय बघ," ती म्हणाली.

सहा महिन्यांपूर्वी तिच्या खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळले. पडण्याची भीती मात्र गेली नव्हती. रोज रुग्णांना चालण्याचे महत्त्व सांगणारा मी स्वतःच्या घरी हरलो होतो. शेजारच्या इमारतीमुळे परसात ऊन जेमतेम दोन तास येई. तिने बागही सोडून दिली होती.

पठारावरून रोप वा बी आणणे योग्य नव्हे. म्हणून रोपवाटिकेतून तेरड्याचे बी घेतले. जूनच्या पहिल्या सरींनंतर कुंड्यांत माती, शेणखत व थोडी वाळू मिसळून ते वरवर पेरले. आठवड्याभरात कोंब आले. तेरड्याला सावली चालते, पण काळोख नव्हे. भरपूर उजेड वा सकाळचे कोवळे ऊन हवेच. माती ओलसर असावी. पाणी साचले तर मऊ देठ कुजतात.

वैद्यकीय दृष्टीने काही दक्षता घेतली. सावलीच्या फरशीवर शेवाळ लवकर धरते. ते घासून काढले, भिंतीला आधाराचा दांडा बसवला. वाकावे लागू नये म्हणून कुंड्या कमरेच्या उंचीवर ठेवल्या. आईला मधुमेह आहे. त्यामुळे पायांत बंद चपला आणि मातीकामानंतर साबणाने हात धुणे हा नियम केला. कुंडीखालच्या ताटल्या दर आठवड्याला कोरड्या करतो, कारण डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतो.

दारापासून कुंड्यांपर्यंत बावीस पावले. आरंभी मी तिचा हात धरत असे. श्रावणात कळ्या दिसू लागल्या, तेव्हा ती वॉकर घेऊन, माझी हाक न ऐकता, पाण्याचा लहान तांब्या कुणाकडून तरी कुंडीपाशी ठेवून घेऊन एकटीच उभी होती. माझ्या व्यायामाच्या चिठ्ठीने जे साधले नव्हते, ते रोपांनी साधले.

गौरीच्या दिवशी तिने स्वतः तेरडा मुळासकट उपटला. त्याची मुळे म्हणजे गौरीची पावले, असे आमच्याकडे मानतात. मी थट्टेने म्हटले, "तेरड्याचा रंग तीन दिवस!" तिने उरलेल्या रोपांवरची पिकलेली बोंडे दाखवली. बोट लागताच ती फुटून बी उडते, म्हणून तिने खाली ओंजळ धरली होती.

"पाकिटावर पुढचे वर्ष घाल," ती म्हणाली.