ताण्याचे सूत आणि पेशी

एका पेशीपासून सारख्याच गुणसूत्रांच्या दोन पेशी निर्माण होण्याच्या क्रियेला ‘मायटोसिस’ म्हणतात. या नावाच्या मुळाशी असलेला ग्रीक शब्द ‘मितोस’ म्हणजे सूत, त्यातही मागावर ताणलेले उभे सूत. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या विणकामावर जगलेल्या बुऱ्हाणपुरात तरी हा शब्द परका वाटू नये.

कील विद्यापीठातील जर्मन शास्त्रज्ञ वॉल्थर फ्लेमिंग यांनी सॅलॅमँडर या उभयचराच्या पिल्लांच्या पेशी रंगवून पाहिल्या, तेव्हा केंद्रकात सुटे धागे दिसू लागतात आणि प्रत्येक धागा लांबीने चिरला जाऊन त्याचे दोन होतात, हे त्यांच्या लक्षात आले. १८८२ च्या ग्रंथात त्यांनी क्रियेला नाव दिले ते या धाग्यांवरून. पुढे १८८८ मध्ये वाल्डेयर यांनी या धाग्यांना ‘क्रोमोसोम’, म्हणजे रंगीत पिंड, म्हटले. मराठीने मात्र रंग सोडून सूत धरले आणि ‘गुणसूत्र’ हा शब्द घडवला. त्यातल्या ‘गुण’ या संस्कृत शब्दाचाही एक अर्थ दोरा असाच आहे. विभाजनाला ‘सूत्री विभाजन’ आणि गुणसूत्रांना दोन ध्रुवांकडे नेणाऱ्या तंतूंना ‘तर्कुतंतू’ म्हणताना तीच वीण पुढे चालली, कारण तर्कु म्हणजे सूत कातण्याची चाती, मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळती.

परिभाषा घडवणाऱ्याची कसोटी प्रयोगशाळेत लागते. कांद्याच्या मुळाचे टोक आम्लात मऊ करून, ॲसिटोकार्मिनने रंगवून काचपट्टीवर अंगठ्याने दाबले की काही पेशींत लालसर धाग्यांचा गुंता दिसतो, काहींत तेच धागे मधोमध ओळीने लागलेले असतात, आणि शब्द समजावून सांगावा लागत नाही.

बुऱ्हाणपूरच्या केळीबागा म्हणजे या शब्दाचे शेतात उभे असलेले उदाहरण होय. लागवडीच्या केळीत ११ गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच, म्हणजे ३३ गुणसूत्रे, असतात. तिघांची जोडी जमत नसल्याने बीजपेशी घडवणारे अर्धसूत्री विभाजन फसते आणि फळात बी धरत नाही. म्हणून बाग कंदाच्या मुनव्यांवर किंवा ऊतिसंवर्धनाच्या रोपांवर उभी राहते, आणि दोन्हींची वाढ सूत्री विभाजनानेच होते.

तेव्हा वर्गात विभाजनाच्या चार अवस्था पाठ करून घेण्याआधी शिक्षकाने नावातले सूत उलगडून दाखवावे. एवढे झाले की अवस्थांचा क्रम निराळा घोकावा लागणार नाही.