शोरूममध्ये न विचारलेला प्रश्न

मागच्या महिन्यात एक ओळखीचे काका नव्या गाडीचे पेढे घेऊन दवाखान्यात आले. सनरूफ, मोठा स्क्रीन, मायलेज, सगळं कौतुकानं सांगून झालं. मी विचारलं, "काका, नातवासाठी चाइल्ड सीट घेतली का?" ते हसले. "कशाला डॉक्टर? तो आजीच्या मांडीवर बसतो की!"

मला हसता आलं नाही. माझी पहिली गाडी घेताना मीही रंग आणि मायलेज सोडून काही विचारलं नव्हतं. माझी मुलगी तेव्हा पुढच्या सीटवर, आईच्या मांडीवर बसूनच घरी आली होती.

गाडी अशीच विकली जाते, आणि ही पद्धत जुनी आहे. 1950 च्या दशकात अमेरिकेत दरवर्षी नवी मॉडेल्स येत. ती येण्याआधी शोरूमच्या काचा कागदानं झाकून उत्सुकता वाढवत. जाहिरातीत चकचकीत क्रोम, मागच्या बाजूला माशाच्या कल्ल्यांसारखे उंच पंख, इंजिनाची ताकद आणि हसरं कुटुंब. जुनी गाडी द्या, उरलेले पैसे हप्त्यानं भरा! पण त्याच गाडीत स्टिअरिंगचा दांडा ताठ, डॅशबोर्ड टणक आणि बेल्ट बहुधा नसायचाच.

धडकेत गाडी थांबते, पण आतलं शरीर त्याच वेगानं पुढे जातं. छाती स्टिअरिंगवर आदळते, डोकं काचेवर. दार उघडलं तर माणूस बाहेर फेकला जातो.

हे ओळखून फोर्ड कंपनीनं 1956 च्या गाड्यांची जाहिरात चक्क सुरक्षिततेवर केली. खोलगट स्टिअरिंग आणि दारांची मजबूत कुलपं सगळ्या गाड्यांना दिली. सीटबेल्ट आणि मऊ डॅशबोर्ड जादा पैशांत. त्या वर्षी शेवरले पुढे राहिली. त्याला इतरही कारणं होती, पण धंद्यानं धडा एकच घेतला: सुरक्षितता विकली जात नाही. फोर्डच्या जाहिराती पुन्हा रूप आणि वेगाकडे वळल्या.

1959 मध्ये व्होल्वोच्या निल्स बोहलिन यांचा, खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा तीन टोकांचा बेल्ट गाड्यांत आला. अमेरिकेत मात्र राल्फ नेडर यांचं 1965 चं पुस्तक आणि 1966 चा कायदा यावा लागला. त्यानंतर 1968 च्या मॉडेल्सपासून नव्या मोटारींत बेल्ट सक्तीचे झाले.

आता आजीच्या मांडीचा हिशोब पाहू. ताशी 50 किलोमीटर वेगानं जाणारी गाडी सेकंदाच्या विसाव्या भागात थांबली, तर 10 किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे 280 किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. माया कितीही असली, तरी हातांत तेवढं बळ नसतं.

म्हणून शोरूममध्ये रंगाआधी विचारा: एअरबॅग किती? मागच्या तिन्ही जागांना तीन टोकांचे बेल्ट आहेत का? चाइल्ड सीट पक्की बसवायची सोय आहे का? आणि घरी येताना मागे बसलेल्यांनीही बेल्ट लावा. पोलिस असोत वा नसोत.

काकांनाही मी हेच सांगितलं. पेढा मात्र खाल्ला.