दोष कोणत्या प्रतीतला?

घरातल्या पडद्यावर चित्रपट मध्येच थांबला आणि ते लहानसे चक्र गरगरू लागले, की आपल्या घरांतून बहुधा दोन उद्गार निघतात. एक, 'बंद करून पुन्हा चालू करा.' दुसरा, 'कोणी काय दाबले?' पहिला उपायाचा, दुसरा आरोपाचा. दोहोंत साम्य एवढेच, की दोष नेमका कुठे आहे याची चौकशी दोन्हींत होत नाही. पहिल्यात चौकशीवाचून दोष नाहीसा होतो (झाला तर), दुसऱ्यात चौकशीवाचून दोषी सापडतो. साहित्याच्या अभ्यासकाला दोन्हींचे वावडे असावे असे आम्हांला वाटते; कारण दोष कुठे शिरला हे शोधण्याची एक शिस्तबद्ध विद्या आपल्याच विषयात आहे. तिला आपण पाठचिकित्सा म्हणतो.

शके १२१२ मध्ये सांगितली गेलेली ज्ञानेश्वरी शके १५०६ मध्ये एकनाथांनी शुद्ध केली, तेव्हा मधल्या तीन शतकांतल्या नकलांनी तिच्यात पाठभेद शिरवले होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची संशोधित आवृत्ती १९६६ मध्ये पुरी झाली, तीही असंख्य हस्तलिखिते शब्दाशब्दाने ताडून. या विद्येचे एक सूत्र वर्गात आपण सगळेच शिकवतो: एकच चूक जर एका कुळातल्या सर्व प्रतींत आढळली, तर ती त्यांच्या समान पूर्वज-प्रतीत शिरलेली असणार, आणि ती एकाच प्रतीत असेल, तर त्या एका लेखनिकाच्या माथी. घरी चित्रपट अडखळला असता हेच सूत्र जसेच्या तसे लागू पडते, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही.

चित्रपट आपल्यापर्यंत येतो तोही नकलांच्या साखळीतूनच. कंपनीच्या भांडारातली मूळ प्रत, तिच्या नकला ठेवलेले, आपल्या जवळपासचे सर्व्हर (नेटफ्लिक्स तर असे स्वतःचे सर्व्हर इंटरनेट पुरवणाऱ्यांच्या केंद्रांतच बसवते), मग त्या पुरवठादाराचे जाळे, घरात आलेली फायबरची तार, राउटर, वायफाय, टीव्ही, त्यातले ॲप. प्रत्येक टप्पा हा एक लेखनिक. यांतल्या कोणाचीही लेखणी अडखळली तरी पडद्यावर चक्र तेच दिसते. म्हणून चक्राकडे पाहून काही कळत नाही. प्रती ताडाव्या लागतात.

ताडण्याची रीत सोपी आहे. त्याच टीव्हीवर दुसऱ्या एखाद्या सेवेचा चित्रपट लावून पाहावा. तो नीट चालला तर घरातली वाट निर्दोष. दोष पहिल्या ॲपचा किंवा त्या कंपनीचा. तोही अडखळला तर त्याच वायफायवर मोबाइलवर पाहावे. मोबाइलवर सुरळीत असेल तर दोष टीव्हीत, किंवा टीव्हीपर्यंत न पोचणाऱ्या वायफायमध्ये. मोबाइलवरही रडगाणे असेल तर वायफाय बंद करून मोबाइलच्या डेटावर तोच चित्रपट लावावा. तिथे चालला, तर दोष राउटरपाशी किंवा राउटरच्या अलीकडे-पलीकडे. शेवटी राउटरपासून टीव्हीपर्यंत साधी तार ओढून पाहावी. तारेने सुटले तर वायफाय दोषी. तारेनेही न सुटले तर पुरवठादाराला फोन करावा, आणि तो करताना आपण काय काय ताडले आहे हे क्रमाने सांगावे. पलीकडून 'सर, राउटर रीस्टार्ट केला का?' हा प्रश्न येणारच. पण यावेळी त्याच्यापुढचे संभाषण लवकर संपते.

पुन्हा चालू करण्याचा उपाय आम्ही तुच्छ मानत नाही. दिवसेंदिवस अखंड चाललेला राउटर किंवा टीव्ही कधी कधी स्वतःच्याच स्मृतीत गुंततो आणि रीस्टार्टने मोकळा होतो. आमची हरकत एवढीच, की लोक टीव्ही, राउटर आणि फायबरची डबी ही तिन्ही एकदम बंद करतात. मग चित्रपट सुरू होतो, पण कोणामुळे अडला होता ते कळत नाही, आणि आठवड्याने तोच प्रसंग येतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा नियम प्रती ताडणाऱ्यालाही पाळावा लागतो.

वायफायविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण आमच्या पाहण्यातले निम्मे दोष तिथले असतात. राउटर साधारणपणे दोन लहरींवर बोलतो: २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिली लांब जाते, भिंती ओलांडते. पण शेजारच्या सगळ्या घरांचे राउटर, ब्लूटूथ आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह यांचीही वस्ती त्याच आळीत. दुसरी वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमते. जुन्या वाड्यातल्या जाड भिंतींच्या घरात राउटर दाराशी आणि टीव्ही माजघरात असेल, तर शंभर मेगाबिटची योजना घेऊनही टीव्हीपर्यंत काय पोचेल याचा भरवसा नाही. योजनेतला आकडा राउटरपर्यंतचा असतो. वास्तविक गरज फार नसते: नेटफ्लिक्सच्याच सांगण्यानुसार सेकंदाला ३ मेगाबिटमध्ये ७२० रेषांचे चित्र, ५ मध्ये १०८० रेषांचे आणि १५ मध्ये फोर-के चित्र मिळते. म्हणून वेग मोजायचा तो राउटरशेजारी उभे राहून नव्हे, तर टीव्हीजवळ, आणि सकाळी एकदा व रात्री नऊला एकदा. सकाळी भरघोस आणि रात्री खडखडाट, असे असेल तर गर्दी घराबाहेरची आहे.

असो. इथवरचे दोष दिसणारे आहेत. चक्र फिरते, आपल्याला कळते. न कळणारा दोष अधिक चिंतेचा. आजचा चित्रपट अखंड येत नाही. काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो, आणि प्रत्येक तुकड्याच्या स्पष्ट ते अस्पष्ट अशा अनेक प्रती तयार असतात. वाट मोकळी असली की प्लेअर स्पष्ट तुकडा मागवतो, वाट तुंबली की धूसर. ॲपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस पद्धत आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेले डॅश हे मानक याच तत्त्वावर चालतात. चित्रपट थांबू नये म्हणून केलेली ही युक्ती मोठी हुशारीची आहे. पण तिचा अर्थ असा, की एकाच रात्री एकच चित्रपट पाहणाऱ्या दोघांनी वेगवेगळे पाठ पाहिलेले असतात, आणि दोघांनाही ते ठाऊक नसते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात मोठ्या कंपन्यांनी भारतात मोबाइल डेटावरचे चित्र ४८० रेषांपर्यंत उतरवले, तेव्हा ही गोष्ट निदान जाहीर तरी झाली होती. एरवी ती मुकाट्याने घडते. शिवाय काही स्वस्त मोबाइलमध्ये वाइडवाइन या कुलूपव्यवस्थेची वरची पातळी नसते. तिथे नेट कितीही वेगवान असले तरी नेटफ्लिक्ससारख्या सेवा धूसर प्रतच देतात.

याचा पडताळा आम्हांला उत्तरपत्रिकेत आला. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) या चित्रपटावर निबंध लिहायला सांगितला होता. हा चित्रपट दुरून, स्थिर कॅमेऱ्याने, लांबच लांब दृश्यांत माणसे पाहतो. मागच्या बाकावरचा माणूस काय करतो आहे, याला त्यात मोल आहे. एका विद्यार्थ्याने लिहिले, की दिग्दर्शकाने न्यायालयातल्या सामान्य माणसांना हेतुपुरस्सर चेहरेच दिलेले नाहीत, ते निव्वळ आकार आहेत, कारण व्यवस्थेला ते तसेच दिसतात. मांडणी सुसंगत होती, भाषाही चांगली. चौकशी केली तेव्हा कळले, की त्याने चित्रपट गावाकडे, मोबाइलवर, एकाच काडीच्या रेंजवर पाहिला होता. चेहरे ताम्हाण्यांनी पुसले नव्हते. वाटेत पुसले गेले होते. लेखनिकाच्या प्रमादावर भाष्यकाराने सुंदर टीका रचावी, तसा हा प्रकार. आपल्या परंपरेत अशा टीका काही कमी नाहीत, आणि त्यांच्या कर्त्यांना आपण मंदबुद्धी म्हणत नाही. आम्ही त्याला मांडणीचे गुण दिले, ग्रंथालयातल्या मोठ्या पडद्यावर चित्रपट पुन्हा दाखवला आणि निबंधाला पुरवणी लिहायला सांगितली. त्याने प्रामाणिकपणे पाहिलेच नाही, असा शेरा मारणे फार सोपे होते.

आवाजाचा दोष आणखी फसवा. आमच्या आईचे वय ऐंशीच्या पुढे. ऐकू कमी येते. तिच्यासाठी ब्लूटूथ हेडफोन आणला आणि चार दिवसांत ती म्हणाली, "आता माझे कानच गेले रे. बोलतात एक, ऐकू येते भलतेच." कमी ऐकणारी माणसे नकळत ओठही वाचत असतात. ओठ आधी हलत होते, शब्द मागून येत होते. आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेला की माणसाला विसंगती जाणवू लागते, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत नोंदलेले आहे; मागे पडलेला आवाज आपण अधिक सोसतो, कारण जगात प्रकाश आधी आणि ध्वनी नंतरच येतो. ब्लूटूथला दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. काही टीव्ही चित्रही तेवढेच थोपवून मेळ घालतात. आमचा घालत नव्हता. तोच चित्रपट टीव्हीच्या स्पीकरवर लावला, मेळ बसला. दुसरा चित्रपट हेडफोनवर लावला, मेळ तुटला. म्हणजे दोष चित्रपटाचा नव्हे, कानांचा नव्हे, हेडफोनचा. लांब वायरीचा साधा हेडफोन आणला आणि प्रश्न मिटला. पण त्या चार दिवसांत तिने स्वतःवर जो ठपका ठेवला होता, तो काढायला वायरीपेक्षा अधिक बोलावे लागले. "आई, तुझे कान होते तसेच आहेत," हे तिला प्रयोग करून दाखवावे लागले.

आता ज्याला दोष म्हणता येत नाही असा एक प्रकार. वर्गात लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडावा, चित्रपट सुरू करावा, तर आवाज येतो, कधी उपशीर्षकेही येतात, पण चित्राच्या जागी काळोख. तार बदलली, प्रोजेक्टर बदलला, काळोख तोच. इथे काही बिघडलेले नाही. यंत्र सांगितलेले काम चोख करते आहे. एचडीसीपी नावाची व्यवस्था वाटेतल्या प्रत्येक यंत्राची ओळख पटवून घेते आणि जुना प्रोजेक्टर ती ओळख देऊ शकत नाही, म्हणून कुलूप लागते. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचे कलम ५२ शिक्षणसंस्थेत विद्यार्थी, शिक्षक, पालक एवढ्यांपुरता चित्रपट दाखवण्याला उल्लंघन मानत नाही. पण कुलूप कायदा वाचत नाही, आणि या सेवांचे करार बहुधा घरगुती वापरापुरतेच असतात. तंत्रज्ञाला बोलावून यावर उपाय निघत नाही. तो प्राचार्यांनी आणि विद्यापीठाने हक्कधारकाशी बोलून काढायचा असतो.

आणि शेवटचा प्रकार: काल होता तो चित्रपट आज यादीतच नाही. एचबीओच्या मालिका ३१ मार्च २०२३ नंतर डिस्ने प्लस हॉटस्टारवरून गेल्या, मग जिओसिनेमावर आल्या, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या दोन सेवाच एक होऊन जिओहॉटस्टार झाली. अभ्यासक्रमात नाव छापलेल्या कलाकृतीचा पत्ता असा दोन वर्षांत दोनदा बदलतो. ताम्हाण्यांचा 'द डिसायपल' हा मराठी चित्रपट एप्रिल २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आला आणि बहुतेकांनी तो तिथेच पाहिला. त्यातला नायक एका दिवंगत गायिकेची ध्वनिमुद्रित व्याख्याने वर्षानुवर्षे ऐकत राहतो. ती मुद्रणे त्याच्यापाशी आहेत, म्हणून तो ऐकू शकतो. आपल्यापाशी चित्रपटाची प्रत नाही. पाहण्याची परवानगी आहे, तीही महिन्याच्या बोलीवर. राउटर कितीही वेळा बंद करून चालू केला तरी संपलेला करार सुरू होत नाही. पुण्यात १९६४ पासून असलेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे महत्त्व अशा वेळी कळते: तिथे प्रत जपली जाते.

म्हणून शिक्षकमित्रांना आमची सूचना आहे. चित्रपट नेमायचा तर त्याची रीतसर प्रत ग्रंथालयात आहे किंवा येऊ शकते, याची खात्री आधी करावी. विद्यार्थ्याच्या निबंधाच्या माथ्यावर, पुस्तकाची आवृत्ती लिहायला लावतो तशी, चित्रपट कोणत्या पडद्यावर, कोणत्या सेवेवर आणि कोणत्या दिवशी पाहिला ही एक ओळ लिहायला लावावी. आणि घरी चक्र फिरू लागले, की प्रती ताडून होईपर्यंत 'कोणी काय दाबले?' हा प्रश्न कोणी विचारू नये. तो ज्यांना विचारला जातो त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी बहुधा काहीच दाबलेले नसते.