शेवटचा फेरा

पहाटे पाच वाजता गडचिरोलीहून निघणाऱ्या कोणत्याही रस्त्यावर उभे राहा. अंधारात धावणारी पावले ऐकू येतील. ती बहुतेक पोलीस भरतीच्या उमेदवारांची. मीही त्यांतलाच एक. मुलांना 1600 मीटर धावावे लागते, म्हणजे 400 मीटरचे चार फेरे. 5 मिनिटे 10 सेकंदांच्या आत आलात, तर 20 पैकी 20 गुण.

मागच्या भरतीत इशारा झाला आणि मी बाणासारखा सुटलो. पहिला फेरा 70 सेकंदांत! सारे मागे. मनात म्हटले, वर्दी आपलीच. दुसऱ्या फेऱ्यात छाती भरून आली, तिसऱ्यात पाय लाकडाचे झाले आणि चौथ्यात, ज्यांना मागे टाकले होते ते एकेक करून पुढे निघून गेले. 5 मिनिटे 35 सेकंद. यादीत नाव आले नाही. घरी कोणी रागावले नाही, तेच अधिक लागले.

उन्हाळ्यात आईबरोबर तेंदूपत्ता तोडायला गेलो. राग हातात उतरला होता. भराभर पाने ओरबाडू लागलो. आई म्हणाली, "बापू, सुरवातीलेच सारा दम काढशीन, त घरी कसा येशीन?" दहा वाजता मी मोहाच्या सावलीत आडवा झालो होतो. तिचा हात मात्र पहाटेच्याच चालीने चालला होता. परतताना डोक्यावर गाठोडे असूनही ती माझ्या पुढे होती. घरी पोचताच सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधायला बसली. संध्याकाळी फळीवर पोचवायची होती ना!

मग थोडे वाचले. सुरुवातीला पाय ताजे असतात, म्हणून जास्त वेगही सोपा वाटतो. पण श्वासातून मिळणारा प्राणवायू पुरेनासा झाला की शरीर उसनवारी करते, आणि ते कर्ज शेवटच्या फेऱ्यात व्याजासह फेडावे लागते. 2018 साली केनियाच्या एलिउड किपचोगेने बर्लिनची मॅरेथॉन 2 तास 1 मिनिट 39 सेकंदांत जिंकली. त्या वेळचा तो विश्वविक्रम. पहिला अर्धा भाग 61 मिनिटे 6 सेकंदांत, दुसरा 60 मिनिटे 33 सेकंदांत. वाचताना मला आईच आठवली.

हिशेब मांडला. चार फेरे, 310 सेकंद, फेऱ्याला साडेसत्त्याहत्तर. ठरवले, पहिला फेरा 80 सेकंदांच्या आत धावायचाच नाही. सांगायला सोपे आहे! सगळे पुढे जातात, बघणारे हसतात, पाय आवरत नाहीत. पहिल्या फेऱ्यात मागे राहण्याची लाज गिळायला मला दोन महिने लागले. माझ्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. वर्गातही हीच लाज मला रोज भेटत असे.

परवा सरावात घड्याळ मित्राच्या हाती होते. 80, 79, 77 आणि शेवटचा फेरा 73. एकूण 5 मिनिटे 9 सेकंद!

भरती अजून व्हायची आहे. घरी जाऊन आईला वेळ सांगितली. तिला सेकंदांचे कौतुक नाही. तिने एवढेच विचारले, "घरी याले दम उरला होता ना?"

उरला होता.